तुर्कस्तानातल्या दगडांवरची चित्रलिपी इजिप्तची नव्हे

प्राण्यांची मुंडकी आणि हात कोरलेल्या दगडाचा फोटो, खाली ओळ: ‘तुर्कस्तानात सापडली इजिप्तची गूढ लिपी, आजवर कुणालाही वाचता आलेली नाही!’ चित्रं पाहून असं वाटणं साहजिक आहे. पण ही लिपी इजिप्तचीही नाही आणि न वाचता येणारीही नाही.

ही अनातोलियातली, म्हणजे आजच्या तुर्कस्तानाच्या आशियाई भागातली, स्वतंत्र लिपी. भाषा लुवियन, म्हणजे संस्कृत-ग्रीकसारखीच इंडो-युरोपीय. इजिप्तची लिपी फक्त व्यंजनं लिहिते. इथे ‘ता’, ‘मी’, ‘वा’ अशी स्वरासकट अक्षरं आहेत.

आणि ती वाचता येते. दक्षिण तुर्कस्तानात काराटेपे इथे 1946 साली इ.स.पू. आठव्या शतकातला लेख सापडला. एकच मजकूर लुवियन आणि फिनिशियन (आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्यावरची प्राचीन भाषा) अशा दोन भाषांत! फिनिशियन वाचता येत होतीच, त्यामुळे लुवियन चिन्हांच्या वाचनाबद्दल अभ्यासकांचे आधीचे अंदाज ताडून पाहता आले. त्यात देवाचा नैवेद्यही ठरवून दिलाय. फिनिशियन पाठात वर्षाला एक बैल, नांगरणीला एक मेंढी, कापणीला एक मेंढी. गूढ कसलं, हा तर चोख हिशेब!

फोटो आला की मोठा करून बघा. लुवियन लेखात बहुधा आडव्या रेघांनी पट्टे पाडलेले असतात. चेहरे ओळीच्या सुरुवातीकडे वळलेले, आणि पुढच्या पट्ट्यात नेमके उलटे. कारण नांगराचे बैल तासाच्या टोकाला वळून परत येतात तशीच ही लिपी वळते. इजिप्तच्या लेखात ओळीगणिक अशी दिशा सहसा पालटत नाही.