जड चाप: दोष स्प्रिंगचा की घर्षणाचा?

शिकारी रायफलचा चाप जड लागला की बहुतेकांचा हात आधी स्प्रिंगच्या स्क्रूकडे जातो. स्प्रिंग ढिली केली की चाप हलका, असा सरळ हिशोब. तो अर्धाच बरोबर आहे. बोटाला जाणवणाऱ्या जोरात घर्षणाचाही मोठा वाटा असतो आणि तो या स्क्रूने कमी होत नाही.

अमेरिकेत हरणाच्या शिकारीला सर्रास वापरली जाणारी, १९६२ साली आलेली रेमिंग्टन ७०० घेऊ. कारखान्यातून येणाऱ्या अशा रायफलींचे चाप अडीच-तीन किलोचे असणं नवीन नाही; कोर्टकचेरीच्या धास्तीने कंपन्या ते जडच ठेवतात. रायफलचं वजन साडेतीन किलोच्या आसपास. म्हणजे जवळपास तेवढाच जोर एका बोटाने लावायचा आणि ती तसूभरही हलू द्यायची नाही! खांद्यापासून नळीच्या तोंडापर्यंत साधारण १.१ मीटर धरा. तोंड १ मिलिमीटर सरकलं तर १०० मीटरवर गोळी ९ सेंटिमीटर बाजूला जाते, २०० मीटरवर १८. हरणाच्या हृदय-फुफ्फुसांचा भाग जेमतेम २०-२५ सेंटिमीटरचा, त्यामुळे जनावर जखमी होऊन पळून जातं.

आता आतली करामत. बोल्ट (काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणारा दांडा) बंद केला की फायरिंग पिनची स्प्रिंग दाबलेली राहते, सुमारे ११ किलोच्या जोराने. पिनची मागची बाजू सीअर नावाच्या पोलादी खिट्टीला खाली ढकलत असते. सीअर खाली जात नाही, कारण त्याच्याखाली चापाची कड असते, फक्त अर्धा मिलिमीटर आत गेलेली. चाप ओढला की ही कड सरकते, सीअर पडतो आणि पिन सुमारे ३ मिलिसेकंदांत काडतुसावर आदळते.

सगळं रहस्य त्या अर्ध्या मिलिमीटरमध्ये आहे. समजा सीअर कडेवर ६ किलोने दाबतोय आणि घर्षणांक ०.४ आहे. कड सरकवायला २.४ किलो लागतील. चापाची तरफ दुप्पट असेल तर बोटाला १.२ किलो. त्यात चापाच्या स्प्रिंगचे १.३ मिळवा, झाले अडीच किलो. पृष्ठभाग आरशासारखे करून घर्षणांक ०.१५ वर आणला तर घर्षणाचा वाटा ४५० ग्रॅमवर येतो. स्प्रिंगला हात न लावता पाऊण किलो कमी!

कडेची आत गेलेली लांबी कमी केली तर? चाप हलका होत नाही. घर्षण संपर्काच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसतं, हे फ्रेंच शास्त्रज्ञ आमोंतोंने १६९९ मध्ये सांगितलं. लांबी घटवल्याने फक्त सुटण्याआधीचं सरकणं कमी होतं. हे सरकणं खडबडीत, अडकत-सुटत झालं तर दीड किलोचा चापही जड भासतो. न अडकता एकदम सुटणारा पावणेदोन किलोचा त्याहून बरा. ही लांबी ०.४ मिलिमीटरखाली नेऊ नये.

आता घासण्याबद्दल. इंटरनेटवर फिरत्या यंत्राने पंधरा मिनिटांत चाप गुळगुळीत करून देणारे व्हिडिओ भरपूर आहेत. ते निव्वळ धोकादायक आहेत. या भागांचा कठीण केलेला थर बहुधा काही दशांश मिलिमीटरचाच असतो. तो गेला की आतलं मऊ पोलाद झिजतं आणि कोन बदलतो. कोन असा बदलला की सीअर स्वतःच कडेला बाहेर ढकलू लागला, तर घर्षणांक ०.१५ असताना साडेआठ अंशांपुढे घर्षण एकटं त्याला धरू शकत नाही. मग सगळी भिस्त स्प्रिंगवर. म्हणून सपाट सिरॅमिक दगड, ठरलेला कोन पकडणारा साचा आणि मोजके हात, तेही जाणकार बंदूक-कारागिराचे. (भारतात १९७२ पासून शिकार बंद आहे आणि शस्त्रदुरुस्तीला परवाना लागतो.)

त्याआधी सोपं काम करावं. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवावीत, बोल्ट काढावा, यंत्रणा लाकडातून सोडवावी आणि चापाची पेटी लायटरच्या इंधनाने धुऊन वाळवावी. जुनं तेल चिकट होऊन बसलेलं असतं. तेवढ्याने बराच फरक पडतो. नंतर तेल घालू नये, थंडीत ते घट्ट होतं आणि कड पूर्ण जागेवर परतत नाही. मॉलिब्डेनम डायसल्फाइडची कोरडी पूड पुरते.

मग स्क्रू. रेमिंग्टन ७०० च्या जुन्या, ‘वॉकर’ नावाच्या चापात पुढचा खालचा जोराचा, पुढचा वरचा सुटल्यानंतरच्या सरकण्याचा, मागचा कडेच्या लांबीचा. स्प्रिंग-काट्याने पाच वेळा मोजून सरासरी १.४ ते १.६ किलो ठेवावी. स्वप्नील कुसाळेंसारख्या नेमबाजांचे स्पर्धेतले चाप याहून कितीतरी हलके असतात, पण ते रेंजवर, निशाण्याकडे तोंड करून काडतूस भरतात. हातमोजे घालून भरलेली रायफल घेऊन डोंगर चढणाऱ्याने त्यांची नक्कल करू नये.

शेवटी रिकाम्या रायफलवर चाचणी. बोल्ट जोरात दहा वेळा आपटून बंद करावा. सेफ्टी लावून चाप ओढावा, सोडावा, सेफ्टी काढावी. दस्त्यावर चहूबाजूंनी रबरी हातोडी मारावी. एकदाही पिन सुटली तर लांबी आणि जोर दोन्ही वाढवावेत. तरीही सुटली तर तो चाप टाकून नवा बसवावा. वॉकर चापात कडेची पट्टी सुटी असते, तिच्यामागे मळ शिरला की कड अपुरी बसते. तिथे दुरुस्तीपेक्षा बदलणंच बरं. स्क्रू लाखेच्या छोट्या ठिपक्याने पक्के करावेत. २०१४ मध्ये रेमिंग्टनने वॉकरनंतरच्या एक्स-मार्क प्रो चापाच्या रायफली परत मागवल्या, त्या जोडणीच्या वेळी लावलेला चिकटपदार्थ जास्त झाला म्हणूनच.