चावी पर्यटकाची, लोणी गावचं: आयरिश कॉटेज-सुट्टीची पार्श्वभूमी

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर आठवडाभरासाठी कॉटेज भाड्याने घ्यायचं, गावातून लोणी, ब्राउन ब्रेड, चीज, मासे आणायचे आणि स्वतःच रांधून खायचं. ही ‘सेल्फ-केटरिंग’ सुट्टी आता इतकी रुळली आहे की तिथली पिढीजात रीतच वाटावी. पण पांढऱ्या भिंतींचं, गवताने शाकारलेलं ते भाड्याचं कॉटेज काय आणि टेबलावरचं गावचं खाणं काय, दोन्ही 1960 च्या दशकापासून पुढे घडवलेलं आहे.

त्याआधी अशा घरात राहणं म्हणजे गरिबी, बाकी काही नाही. 1845 मध्ये बटाट्यावर करपा पडला तेव्हा लाखो मजूर आणि छोटी कुळं एका खोलीच्या मातीच्या झोपड्यांत राहत होती आणि बटाटा-ताकावर जगत होती. दूध-लोणी नव्हतं असं नाही. कॉर्क शहरात 1770 पासून लोण्याचा मोठा बाजार होता. तिथे प्रतवारी होऊन खारवलेलं लोणी पिंपांतून थेट वेस्ट इंडीजपर्यंत जायचं. गाय कुळाच्या दारात, लोणी मात्र जमीनदाराच्या खंडापोटी बाजारात. दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं मेली, साधारण तितकीच देश सोडून गेली, आणि त्या वर्षांतही धान्य आणि गुरं बंदरांतून बाहेर जातच होती. आज ‘लोकल फूड’ म्हणून जे कौतुकाने वाढलं जातं, त्यातलं बरंचसं पिकवणाऱ्याच्या ताटात येत नव्हतं.

सोडा ब्रेडही फार प्राचीन नाही. खायचा सोडा एकोणिसाव्या शतकात स्वस्त झाला आणि मगच तो घरोघरी पोचला. आयर्लंडच्या दमट हवेतला गहू मऊ, त्यात चिकटपणा कमी, म्हणून यीस्टची फुगीर पाव-भट्टी त्याला मानवत नाही. ताकातला आंबटपणा आणि सोडा एकत्र आले की पीठ तिथल्या तिथे फुलतं. मळायचं जवळजवळ नाहीच. हलक्या हाताने गोळा करायचा, वर सुरीने खोल फुली मारायची आणि ‘बास्टिबल’ नावाच्या बिडाच्या भांड्यात ठेवून झाकणावर पीटचे (दलदलीतून कापून वाळवलेल्या, जळणाच्या मातीचे) निखारे पसरायचे. आपल्याकडे वर-खाली निखारे ठेवून भानोळं भाजायचे, तसंच. घरात ओव्हन नसल्याची ही सोय होती.

1946 मध्ये खेड्यांना वीज द्यायची योजना सुरू झाली, पण माणसं थांबेनात. 1950 च्या दशकात सुमारे चार लाख लोक बाहेर पडले. मागे राहिलेल्यांनाही गवताचं छप्पर नकोच होतं. स्लेट, काँक्रीट आणि नळाचं पाणी हवं होतं, आणि त्यात चूक काय?

कलाटणी आली ती विमानतळावरून. अटलांटिक ओलांडणारी विमानं इंधनासाठी क्लेअर परगण्यातल्या शॅननला उतरत. तिथेच ब्रेंडन ओ’रीगन यांनी 1947 मध्ये जगातलं पहिलं विमानतळी ड्यूटी-फ्री दुकान काढलं. जेट आल्यावर विमानं न थांबताच जाणार हे दिसू लागलं, तेव्हा 1959 मध्ये शॅनन विकास कंपनी स्थापन झाली. (तिने उभारलेलं करमुक्त औद्योगिक क्षेत्र पुढे अनेक देशांना नमुना ठरलं, अंधेरीचं 1973 चं सीप्झ त्याच जातकुळीतलं.) पण कारखान्यांनी आसपासची खेडी भरणार नव्हती. प्रवासी मुक्कामाला राहिला पाहिजे, म्हणून 1963 मध्ये बनरॅटी किल्ल्यात मध्ययुगीन थाटाच्या मेजवान्या सुरू झाल्या आणि दशकाच्या अखेरीस भाड्याच्या कॉटेजांची योजना आली. बॅलीव्हॉन हे सुरुवातीच्या गावांपैकी एक. बाहेरून गवताचं छप्पर आणि अर्धं दार, आतून विजेचं स्वयंपाकघर, हीटर आणि गरम पाण्याचं न्हाणीघर. गावकरी ज्यातून सुटू पाहत होते, त्याचाच देखावा नव्याने बांधला गेला. मला हे ढोंग वाटत नाही. पाहुण्याला नेमकं काय हवंय, हे त्यांनी अचूक ओळखलं होतं.

खाण्याची बाजू कॉर्क परगण्यात सावरली. मर्टल ॲलन या शेतकऱ्याच्या पत्नीने 1964 मध्ये शॅनगॅरीजवळच्या बॅलीमलू या राहत्या घरातच रेस्टॉरंट उघडलं. भाजी स्वतःच्या शेतातली, मासे जवळच्या बॅलीकॉटन बंदरातले आणि त्या दिवशी जे मिळेल त्यावर मेन्यू. ‘चांगलं’ जेवण म्हणजे फ्रेंच नावांचं, असा तो काळ. त्यात त्यांनी कॅरगीन या समुद्री शेवाळाचं पुडिंग पाहुण्यांपुढे ठेवलं. किनाऱ्यावरच्या गरिबांच्या घरातला हा पदार्थ.

चीजचीही तीच गोष्ट. बेआरा द्वीपकल्पावर व्हेरॉनिका स्टील यांच्याकडे ब्रिस्केट नावाची एकशिंगी गाय होती. उरलेल्या दुधाचं करायचं काय, यातून 1970 च्या दशकात मिलीन्स चीज निघालं. पाठोपाठ आसपास डरस, गबीन आणि एका डच कुटुंबाचं कूली आलं. समुद्रकाठच्या ओल्या हवेत मिठाच्या पाण्याने पुसून मुरवलेलं चीज छान जमतं, म्हणून मिलीन्सची साल नारिंगी, चिकट आणि वास उग्र. 1984 मध्ये युरोपीय समुदायाने दुधावर कोटा लावला. जास्त दूध घालून कमाई वाढवायची वाट बंद झाल्यावर घरी चीज करण्याला वेगळाच अर्थ आला.

2014 मध्ये सुमारे 2500 किलोमीटरचा ‘वाइल्ड अटलांटिक वे’ आखला गेला आणि ही विखुरलेली गावं, चीजवाले आणि कॉटेजं एकाच नकाशावर आली. जुन्या, खऱ्या शाकारलेल्या घरांचे हाल मात्र वेगळे आहेत. छप्पर शाकारणारे कारागीर थोडे उरलेत आणि आगीच्या भीतीने विमा कंपन्या या घरांना सहजी दारात उभं करत नाहीत.