मेगावॅट वेगळं, युनिट वेगळं

बडोद्यातल्या मांजलपूरच्या आमच्या काकांनी घराच्या धाब्यावर, म्हणजे गच्चीवर, 3 किलोवॅटचं सोलर बसवलं, आणि महिन्याभराने वहीच घेऊन आले माझ्याकडे. म्हणे 3 किलोवॅट गुणिले 24 तास म्हणजे रोज 72 युनिट व्हायला पाहिजेत, मीटरवर 12 च्या आसपासच दिसतात, सोलरवाल्याने फसवलं की काय? काका, कोणी फसवलं नाही, 12 बरोबरच आहेत. किलोवॅट म्हणजे कडक उन्हात पॅनल एका वेळी जास्तीत जास्त किती देऊ शकेल ती ताकद, आणि युनिट म्हणजे दिवसभरात खरोखर किती वीज झाली ते. रात्री शून्य, सकाळ-संध्याकाळ थोडी, पावसाळ्यात ढग, त्यामुळे एका किलोवॅटमागे दिवसाला साधारण 4 युनिट धरायचे.

हाच घोळ देशाच्या आकड्यांत होतो आणि तिथे मला खरंच वाईट वाटतं, कारण लोक त्यावरून भांडतात. मार्च 2025 अखेर देशात सोलरची क्षमता 1 लाख मेगावॅटच्या (1 मेगावॅट म्हणजे 1000 किलोवॅट) वर होती आणि अणुऊर्जेची जेमतेम 8 हजार, म्हणजे सोलर जवळपास 13 पट. पण 2024-25 मध्ये तयार झालेली वीज बघा, सोलरची सुमारे 144 अब्ज युनिट आणि अणूची सुमारे 57 अब्ज, म्हणजे फक्त अडीच पट! (त्यातले बरेच सोलर प्रकल्प त्याच वर्षात सुरू झाले, तेही लक्षात घ्या.) एकूण क्षमतेत अणूचा वाटा 2 टक्क्यांच्याही खाली, विजेत मात्र 3 च्या आसपास.

कारण अणुभट्टी रात्रंदिवस चालते. आपल्या गुजरातमधलंच काकरापार घ्या, तापी जिल्ह्यात, 220 च्या दोन आणि 700 मेगावॅटच्या दोन भट्ट्या, त्यातली शेवटची 2024 मध्ये व्यावसायिकरीत्या सुरू झाली. 700 ची एक भट्टी पूर्ण ताकदीने चालली तर दिवसाला 1 कोटी 68 लाख युनिट होतात. ह्या जड पाण्याच्या (जड हायड्रोजनपासून बनलेलं पाणी वापरणाऱ्या) भट्ट्यांमध्ये भट्टी चालू असतानाच इंधन बदलता येतं, म्हणून कर्नाटकातल्या कैगाची पहिली भट्टी 2016 ते 2018 मध्ये सलग 962 दिवस न थांबता चालली होती.

म्हणून सोलर कमी दर्जाचं असं अजिबात नाही हं, दुपारी एसी आणि पंप चालतात तेव्हा ते फार कामाचं आहे, आणि भट्टी उभी करायला वर्षानुवर्षं लागतात तर काकांचं काम काही दिवसांत झालं.

कोळशाचंही तसंच, क्षमतेत निम्म्याहून कमी पण विजेत जवळजवळ तीन चतुर्थांश, रात्री आपला पंखा बहुतेक त्याच्यावरच फिरतो. तेव्हा बातमीत "इतके टक्के स्वच्छ ऊर्जा" असं दिसलं की आधी बघा, टक्के मेगावॅटचे आहेत की युनिटचे. काकांना मी वहीत आता दोन वेगळे रकाने करून दिलेत.