कार्सन टॉप हा टप आहे, हूड नाही

जुन्या अमेरिकन कस्टम, म्हणजे मालकाने हौसेने कापून-बदलून घेतलेल्या, गाड्यांचे फोटो कुणी टाकले की एक वाक्य हमखास येतंच, "बंद हूडमध्येच एवढी भारी दिसतेय, उघडल्यावर कशी दिसत असेल!" आणि फोटोत असते १९४० ची मर्क्युरी नाहीतर १९३६ ची फोर्ड, समोरची काच कापून बुटकी केलेली, वर फुगीर गुळगुळीत कापडी छप्पर. अरे बाबांनो, तो कार्सन टॉप आहे, त्या छपराला उघड-बंद हा प्रकारच नाहीये. ते दुमडत नाही. हे मी इतक्या जणांना इतक्या वेळा सांगितलंय की आता एकदाच बसून नीट लिहून टाकतो.

खरं तर मराठीत या दोन गोष्टींना दोन वेगळे शब्द आधीपासून आहेत. जीपला असतं ते हूड, एसटीला असतो तो टप. हूड म्हणजे कमानींवर ताणलेलं कापड, ते मागे पाडता येतं. टप म्हणजे स्वतःचा आकार स्वतः धरून ठेवणारं छप्पर. कार्सन टॉप दिसतो कापडाचा म्हणून लोक त्याला हूड समजतात, पण तो आहे टप. वरून कापड आणि कापूस घातलेला, उचलून बाजूला ठेवता येणारा, पण टपच.

हूड सगळ्यांना माहितीये त्यामुळे त्यावर वेळ घालवत नाही. लाकडाच्या किंवा लोखंडाच्या आडव्या कमानी, बाजूला कैचीसारख्या हलणाऱ्या पट्ट्या, वर कॅनव्हास, पुढे काचेच्या फ्रेमला दोन खटके. खटके सोडा, ढकला, मागच्या सीटमागे गोळा होऊन बसतं. फोर्ड, मर्क्युरी, शेव्हरोले, सगळ्यांच्या कन्व्हर्टिबल कारखान्यातून अशाच यायच्या. १९३९ मध्ये प्लिमथने व्हॅक्युमवर चालणारं, बटणावर उघडणारं हूडही आणलं. पण तत्त्व तेच, छत्रीचं.

आता दुसरं. लॉस एंजेलिसमध्ये साउथ व्हर्माँट अव्हेन्यूवर एमॉस कार्सन यांचं गाड्यांच्या हूड-कुशनचं दुकान होतं, कार्सन टॉप शॉप. तिथे ग्लेन हाउझर या कारागिराने १९३५ मध्ये एका १९३० च्या मॉडेल ए फोर्ड कन्व्हर्टिबलसाठी दुमडणारं हूड काढून टाकलं आणि त्याजागी एकसंध, पॅडिंग केलेला, आख्खा उचलून काढायचा टॉप बनवला. इथून हा प्रकार सुरू झाला. लोकांना तो एवढा आवडला की पुढची दहा-पंधरा वर्षं कॅलिफोर्नियात कस्टम कन्व्हर्टिबल म्हटलं की तिच्यावर कार्सन टॉप हवाच. नाव दुकानाचं, पण नंतर कुणीही बनवलेल्या पॅडेड टॉपला लोक कार्सन म्हणायला लागले, आपण फोटोकॉपीला झेरॉक्स म्हणतो तसं. ओकलंडमधल्या हॉल नावाच्या दुकानाचे टॉप होते, लॉस एंजेलिसच्या परिसरात बिल गेलॉर्ड होता, त्यांची कामं तितकीच सुंदर. गेलॉर्डच्या टॉपला कार्सन म्हटलेलं मला आवडत नाही, ज्याने शिवला त्याचं नाव त्याला मिळायला हवं, पण चालतं, निदान वस्तू तरी बरोबर ओळखलेली असते. टपाला हूड म्हणणं मात्र मला चालत नाही.

का चालत नाही ते सांगतो, कारण सगळी गंमत इथेच आहे.

हूड दुमडायचं असेल तर त्याला काही अटी पाळाव्याच लागतात. प्रत्येक कमान मागे जाऊन दुसऱ्या कमानीला चिकटून बसली पाहिजे, म्हणजे कापड पातळ हवं, घडी पडेल असं हवं. कंपनीच्या हूडमध्ये पॅडिंग अजिबात नसतं असं नाही, कडेने पट्टीसारखं असतं, पण आख्ख्या छपरावर दोन बोटं जाड गादी घातली तर ते दुमडणारच नाही. मग कापड पातळ म्हटल्यावर दोन कमानींच्या मध्ये ते जरा खाली बसतं आणि कमानी वर उठून दिसतात, उपाशी घोड्याच्या बरगड्या दिसतात ना तशा. गाडी वेगात असली की तेच कापड हवेने वर फुगतं. शिवाय शेवटची कमान उभी राहायला हवी म्हणून मागचा भाग एकदम खाली उतरतो, पाठीला कुबड आल्यासारखा. यात कंपनीच्या कारागिरांची काही चूक नाही हं, दुमडणाऱ्या वस्तूचा आकार तिच्या सांध्यांनीच ठरतो, माणसाने नाही.

हाउझरने काय केलं, तर सांधेच काढून टाकले. दुमडायचंच नाही म्हटल्यावर एका झटक्यात सगळ्या अटी गेल्या. लोखंडाचा सांगाडा वेल्ड करून पक्का केला, कुठेही बिजागरी नाही, म्हणजे रेषा कुठून कुठे न्यायची ते आता बनवणाऱ्याच्या हातात. समोरच्या काचेच्या वरच्या कडेपासून निघालेली एक वळणदार रेषा सरळ डिकीपर्यंत उतरते, मध्ये कुठे अडखळत नाही. सांगाड्यावर कापड, त्यावर कापसाचे थर, मध्यभागी जाड आणि कडेला कमी करत आणलेले, मग वरून कॅनव्हास ताणून शिवलेलं. बरगडी एकही दिसत नाही. मागची काच छोटीशी. आतूनही अस्तर लावलेलं, त्यामुळे आत बसलात तर डोक्यावर लोखंड नाही, पट्ट्या नाहीत, बंद गाडीसारखं नीट मऊ छत. आपल्याकडे गादी भरणारा कापूस पिंजून हाताने चाचपडत थर लावतो, कुठे गाठ राहिली तर पुन्हा उसवतो, तशीच नजर आणि तसाच हात या कामाला लागतो. आकार सांगाड्यापेक्षाही त्या कापसाच्या थरात असतो, आणि म्हणूनच दोन दुकानांचे टॉप शेजारी ठेवले की जाणकाराला ओळखू येतात.

आणि याची किंमतही होती, तीही समजून घ्या. टॉप पुढे काचेच्या फ्रेमला आणि मागे बॉडीला पक्का बसवायचा. काढायचा तर दोन माणसांनी उचलायचा आणि गॅरेजमध्ये ठेवायचा. गाडीत तो मावत नाही. म्हणजे आज उघड्या गाडीने जायचं की बंद हे घरून निघतानाच ठरवायचं, वाटेत पाऊस आला तर भिजायचं. लॉस एंजेलिसमध्ये वर्षाला साधारण १५ इंच पाऊस, तोही जवळपास सगळा हिवाळ्यात, उन्हाळा कोरडा ठणठणीत, त्यामुळे तिथल्या पोरांना हा सौदा परवडला. रोज सरी येणाऱ्या गावात ही वस्तू जन्मालाच आली नसती असं माझं ठाम मत आहे. फायदा असा की टॉप घरी ठेवला की गाडीची पाठ एकदम स्वच्छ. कंपनीचं हूड पाडलं की मागे कापडाचं गाठोडं दिसतं, त्यावर कव्हर घातलं तरी गाठोडं ते गाठोडंच.

दुसरा गोंधळ चॉपचा. लोक म्हणतात "कार्सन चॉप". हे दोन वेगळी माणसं करायची ती दोन वेगळी कामं आहेत. चॉप म्हणजे समोरच्या काचेची फ्रेम कापून दोन-तीन इंच, कधी जास्तही, बुटकी करणं, आणि दारांच्या काचा त्या मापाने कापणं. हे बॉडीवाल्याचं काम. ते झालं की गाडी टॉपवाल्याकडे जायची. फ्रेम न कापता मूळ उंचीवरही पॅडेड टॉप बसवता येतो आणि लोकांनी बसवलेही. मात्र दोन्ही एकत्र का आले ते कळलं पाहिजे. काच बुटकी केली की कंपनीचं हूड त्यावर बसत नाही, आणि ते बसवायचं तर कैचीच्या प्रत्येक पट्टीची लांबी त्या प्रमाणात बदलायला लागते, एक जरी चुकली तर हूड ना नीट उघडतं ना नीट बंद होतं. त्यापेक्षा हूडच टाकून द्या आणि टप करा, हे सोपं. आणि उलट बाजूने बघा, पत्र्याच्या छपराची कूपे, म्हणजे दोन दारांची बंद गाडी, बुटकी करायची म्हणजे सगळे खांब कापा, छप्पर खाली आणा, खांब जुळत नाहीत म्हणून छप्पर मधून कापून लांब करा, मागच्या काचेचं काय ते बघा, मग शिसं भरून सगळं सपाट करा. कन्व्हर्टिबलला वर पत्राच नाही! काच कापली की अर्धं काम झालं. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या आणि लगेच नंतरच्या कस्टम गाड्यांमध्ये एवढ्या कन्व्हर्टिबल का दिसतात याचं मोठं कारण हेच, आणि त्या काळच्या सपाट काचा कापायला सोप्या होत्या हेही.

यातूनच तिसरी चूक होते, हिरोहाटा मर्क या प्रसिद्ध कस्टम गाडीला कार्सन टॉप आहे असं म्हणण्याची. नाही हो. ती १९५१ ची मर्क्युरी कूपे, कस्टम गाड्या बनवणाऱ्या बॅरिस बंधूंच्या दुकानात केलेली, छप्पर पत्र्याचं, चॉप केलेलं आणि मधला खांब काढून टाकलेला. कापसाचा तिच्या छपराशी काही संबंध नाही. त्यांपैकी सॅम बॅरिसची स्वतःची १९४९ ची मर्क्युरी, तिचंही तेच, पत्रा. बॅरिसकडे पॅडेड टॉपच्या गाड्याही झाल्या, पण त्या कन्व्हर्टिबलवर.

हार्डटॉपबद्दल दोनच ओळी. अमेरिकेत हार्डटॉप म्हणजे पत्र्याचं कायमचं छप्पर पण मधला खांब नाही, दिसायला हूड लावलेल्या कन्व्हर्टिबलसारखं. १९४९ मध्ये जनरल मोटर्सने ब्युइक रिव्हिएरा, कॅडिलॅक कूपे डी व्हिल आणि ओल्ड्समोबिल हॉलिडे अशा तीन आणल्या. आपण जीपच्या पत्र्याच्या छपराला हार्डटॉप म्हणतो तो अर्थ इथे लावू नका, संपलं.

पण याच हार्डटॉपने पॅडेड टॉपचे दिवस संपवायला हातभार लावला. जी ठेंगणी सलग रेषा मिळवण्यासाठी पोरं आपली कन्व्हर्टिबल दोन दुकानांत फिरवायची, तिच्या जवळपास जाणारी गाडी आता शोरूममधून मिळायला लागली, तीही पावसात चालणारी. त्यात १९५० च्या सुमारास काचा वळणदार व्हायला लागल्या, मग दोन्ही बाजूंनी मागे वळणाऱ्या आल्या, आणि तशी काच बुटकी करायची म्हणजे तडा जाण्याची भीती पावलोपावली. दशकाच्या मध्यापर्यंत ही फॅशन ओसरली.

सत्तरच्या दशकातल्या लिंकन कॉन्टिनेंटलवर वगैरे जे फुगीर व्हिनाइलचं छप्पर दिसतं त्याला कुणी कार्सन म्हटलं की मला खरंच वाईट वाटतं. तिथे खाली नेहमीचा पत्रा आहे, त्यावर पातळ पॅडिंग आणि व्हिनाइल चिकटवलंय, छप्पर निघतही नाही आणि दुमडतही नाही. शिवाय त्याखाली ओल अडकून पत्रा गंजतो, उघडून बघितल्याशिवाय कळतही नाही किती गेलाय. दोघांत साम्य काय तर हात लावला की मऊ लागतं, बस.

आजही लोक नवे पॅडेड टॉप बनवतात, चांगले बनवतात, कापसाऐवजी बऱ्याचदा फोम घालतात. फोमला माझी हरकत नाही, पाणी कमी धरतो, आकारही टिकवतो. हरकत आहे ती दोन गोष्टींना. एक, चकचकीत पांढरं व्हिनाइल. जुने फोटो कृष्णधवल, त्यात फिकट तपकिरी कॅनव्हासही पांढराच दिसतो, आणि ते बघून लोक दुधासारखं पांढरं प्लास्टिक चढवतात. गडद मरून रंगाच्या गाडीवर फिक्या तपकिरी कॅनव्हासचा टॉप एकदा उन्हात बघा, मग बोला. दुसरं म्हणजे मागची काच मोठी करणं. दिसायला सोय होते हे मान्य, पण ती छोटी काच आहे म्हणून तर मागचा उतार एवढा भरीव दिसतो, ती मोठी केली की टपाचं पुन्हा हूड दिसायला लागतं.

फोटोवरून ओळखायचं असेल तर दाराच्या काचेच्या वरची कड बघा, काच खाली असेल तर आणखी सोपं. आतल्या बाजूला कैचीच्या पट्ट्या, सांधे, नट दिसले तर ते हूड. सलग कड आणि आत अस्तर दिसलं तर टप. तिथे झूम करून कळलं नाही तर छपरावर उजेड पडलाय ती जागा बघा, हूडवर उजेड कमानी-कमानीला तुटतो, पॅडेड टॉपवर तो पुढून मागेपर्यंत एकाच ओघळासारखा जातो.