तांदूळ निवडता निवडता

माझी नणंद तांदूळ निवडायला बसली की निवडते कमी आणि खाते जास्त. कोथरूडच्या आमच्या घरात हा कित्येक वर्षांचा विनोद. "वहिनी, दाताखाली नुसती करकर झाली तरी बरं वाटतं गं," म्हणायची आणि हात पुन्हा परातीत. गेल्या दिवाळीत दोन जिने चढून तिला धाप लागली, म्हणून रक्त तपासलं. हिमोग्लोबिन 8.4. बाईसाठी ते किमान 12 हवं. तेव्हा कुठे आमचं हसणं थांबलं.

कच्चे तांदूळ, खडू, पाटीवरची पेन्सिल, भाजलेली माती, फ्रीजमधला बर्फ असलं काहीबाही चघळावंसं वाटणं याला डॉक्टर 'पायका' म्हणतात. अंगातलं लोह आटलेल्या बायकांमध्ये ही ओढ बरीच दिसते. गरोदरपणी आपण तिला डोहाळे म्हणून मोकळे होतो, एरवी खोड म्हणतो.

आपल्या शरीरात सगळं मिळून 3 ते 4 ग्रॅम लोह असतं, म्हणजे जेमतेम एका खिळ्याइतकं. त्यातलं बरंचसं रक्ताच्या तांबड्या पेशींत. पेशी साधारण 120 दिवसांनी मरते, पण तिच्यातलं लोह शरीर काढून घेतं आणि नव्या पेशीत घालतं. सदाशिव पेठेने धडे घ्यावेत अशी ही काटकसर. दिवसाला साधारण 1 मिलिग्रॅम बाहेर जातं. पुरुषाचा हिशोब इथे संपतो.

बाईचा संपत नाही. एका पाळीत सरासरी 30 ते 40 मिलिलिटर रक्त जातं आणि दर मिलिलिटरमागे सुमारे अर्धा मिलिग्रॅम लोह. महिन्याला 15 ते 20 मिलिग्रॅम जादा खर्च, तोही तीस-पस्तीस वर्षं. रक्तस्राव 80 मिलिलिटरच्या पुढे गेला की तो जास्त समजतात. पण मापून कोण बघतंय? "माझ्या अंगावरून जरा जास्तच जातं, आईचंही तसंच होतं," हे वाक्य मी इतक्या जणींकडून ऐकलंय की आता राग येतो. दर तास-दोन तासांनी पॅड बदलावं लागत असेल, मोठ्या गाठी पडत असतील, पाळी सात दिवसांच्या पुढे रेंगाळत असेल, तर ती घराण्याची रीत नव्हे, डॉक्टरला दाखवायची गोष्ट आहे. 2019 ते 2021च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या शंभरातल्या 57 बायकांना रक्तक्षय निघाला. पुरुषांत शंभरात 25.

आणखी एक गोम आहे. हिमोग्लोबिन सगळ्यात शेवटी उतरतं. ते म्हणजे ताटातला भात. कोठीत तांदूळ किती उरलेत, म्हणजे अंगात लोहाचा साठा किती, ते सांगणारी तपासणी वेगळी, तिचं नाव फेरिटिन. कोठी रिकामी होत आली तरी ताट काही दिवस भरलेलंच दिसतं. म्हणून रिपोर्ट 'नॉर्मल' आणि बाई मात्र दुपारी चारला गळून गेलेली, असं होऊ शकतं.

नणंदेचा रिपोर्ट कळताच सल्ले सुरू झाले. बीट खा, डाळिंब खा, लाल ते रक्ताला चांगलं. बिटाच्या लाल रंगाचा लोहाशी काही संबंध नाही. 100 ग्रॅम बिटात लोह 1 मिलिग्रॅमसुद्धा भरत नाही, डाळिंबात त्याहून कमी. आवडतं म्हणून खावं, औषध म्हणून नव्हे.

खरा घोळ आमच्याकडे चहाचा होता. जेवण झालं की लगेच अर्धा कप, हा तिचा वीस वर्षांचा नेम. चहातली टॅनिनसारखी द्रव्यं जेवणातल्या लोहाला आतड्यातच धरून ठेवतात. भाजी-भाकरीतलं लोह आधीच कमी शोषलं जातं, त्यात चहामुळे ते निम्म्याहूनही खाली येऊ शकतं. चहा सोड असं पुण्यात कोणाला सांगायची माझी हिंमत नाही. तासाभराने पी, एवढंच सांगितलं.

उलट बाजूला लिंबू आहे. क जीवनसत्त्व लोहाला शोषायला सोप्या रूपात आणतं. मटकीला मोड आणले की तिच्यातलं लोह अडवणारं फायटेट कमी होतं. म्हणजे मोडाच्या मटकीची उसळ आणि वरून पिळलेलं लिंबू ही जोडी रसायनशास्त्राला धरून आहे. (मिसळीवर तर्री किती असावी, याबद्दल विज्ञान गप्प आहे.) लोखंडी कढईत टोमॅटो किंवा चिंचेचं आंबट शिजवलं की थोडं लोह त्यात उतरतं, हेही प्रयोगांत दिसलंय. आम्ही नॉनस्टिकच्या नादात सासूबाईंची कढई माळ्यावर टाकली होती, ती घासूनपुसून खाली आली.

मात्र 8.4 वर आलेलं रक्त उसळीने भरत नाही, गोळ्या घ्याव्याच लागतात. त्याही नेमक्या कशाच्या, ते तपासून. कारण रक्तक्षय बी-12 जीवनसत्त्व कमी असल्यानेही होतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी 1993पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि मुलांचा अभ्यास करत आले आहेत. तिथल्या अर्ध्याहून जास्त गरोदर बायकांत बी-12 कमी सापडलं. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट माझ्या जास्त लक्षात राहिली. पाणी भरणं, धुणं, शेतातली कामं, हे सगळं संशोधकांनी मोजलं. गरोदरपणी ज्यांच्यावर कामाचा भार जास्त होता, त्यांची बाळं जन्मताना लहान होती. बायकांच्या राबण्याला कुणीतरी आकडा लावला, याचंच मला अप्रूप वाटलं.

नणंदेने गोळ्या चालू केल्या. शौच काळी होते, पोट जड होतं, म्हणून पंधरवड्यात सोडायला निघाली होती. डॉक्टरांनी त्या दिवसाआड करून दिल्या. रोज घेतलेल्या गोळीने शरीरातलं हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढतं आणि ते दुसऱ्या दिवशीच्या लोहाला दार लावून घेतं. एक दिवस मध्ये गेला की दार पुन्हा किलकिलं होतं. हिमोग्लोबिन वर आल्यावरही आणखी तीन महिने घ्यायला सांगितल्यात, कोठी भरायची म्हणून.

परवा वटाण्याचा भात करायचा होता. परात तिच्यापुढे ठेवली. सवयीने चार दाणे तोंडात टाकले, चावले आणि म्हणाली, "वहिनी, हे काय लागतंय गं? नुसते तांदूळच की!"