हायलुरॉनिक ॲसिड फिलर

चेहऱ्यावरील खोल सुरकुत्या भरून काढण्यासाठी आणि वयानुसार गाल, ओठ, कानशिले यांचा ओसरलेला भरीवपणा परत आणण्यासाठी त्वचेत किंवा तिच्याखाली टोचण्यात येणारा जेलसारखा पदार्थ. बोटॉक्सशी त्याची वारंवार गल्लत होते. बोटॉक्सने स्नायूंचे आकुंचन काही महिने मंदावते, फिलर मात्र रिकामी झालेली जागा भरतो. नाकपुडीपासून ओठांच्या कोपऱ्याकडे उतरणाऱ्या घड्यांसाठी तो विशेष वापरला जातो.

कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी १९३४ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गाईच्या डोळ्यातील पारदर्शक, जेलीसारख्या भागातून हे ॲसिड वेगळे केले व काच या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला नाव दिले. ग्लुकुरॉनिक ॲसिड आणि एन-ॲसिटिल ग्लुकोसामाइन ही जोडी पुनःपुन्हा गुंफून झालेली ही लांबलचक साखळी पाणी मोठ्या प्रमाणात धरून ठेवते. सत्तर किलो वजनाच्या माणसाच्या शरीरात ते सुमारे १५ ग्रॅम असते, त्यातील जवळजवळ निम्मे त्वचेत, आणि सुमारे एक तृतीयांश साठा रोज विघटित होऊन नव्याने तयार होतो. उपचाराची खरी अडचण इथेच होती, कारण मूळ रूपात टोचलेले ॲसिड शरीर दोन-तीन दिवसांतच नाहीसे करते. म्हणून बीडीडीई या रसायनाच्या साहाय्याने साखळ्या एकमेकींना जोडून घेतात. या जोडणीमुळे परिणाम साधारण सहा महिने ते दीड वर्ष टिकतो, आणि तिच्या प्रमाणावर जेल किती घट्ट होईल हेही बरेचसे अवलंबून असते; हनुवटीला आधार देणारे घट्ट जेल ओठांत घातले, तर ते गाठीसारखे हाताला लागते.

अमेरिकेत १९८१ पासून गाईच्या कोलॅजनची इंजेक्शने मिळत. मात्र ॲलर्जीच्या भीतीने आधी त्वचेवर चाचणी करून काही आठवडे थांबावे लागे. हायलुरॉनिक ॲसिडची रचना सर्व प्राण्यांत सारखीच असल्याने ती चाचणी टळली. रेस्टिलेन हा फिलर युरोपात १९९६ मध्ये व अमेरिकेत २००३ च्या डिसेंबरमध्ये मान्य झाला. पूर्वी हे ॲसिड कोंबड्याच्या तुऱ्यातून काढत. आता ते बहुधा जिवाणूंच्या किण्वनाने मिळवतात.

एका सिरिंजमध्ये साधारण १ मिलिलिटर जेल असते आणि वेदना कमी व्हाव्यात म्हणून त्यात अनेकदा लिडोकेन मिसळलेले असते. सूज व काळेनिळे डाग बहुतेकदा काही दिवसांत ओसरतात. डोळ्यांखालच्या पातळ त्वचेत जेल फार वर राहिले, तर तिथे निळसर छटा दिसते.

या फिलरचा सर्वांत मोठा गुण म्हणजे तो हायलुरॉनिडेज या एंझाइमने विरघळवता येतो. तरीही या गुणावर किती विसंबायचे, याला मर्यादा आहे. जेल चुकून रक्तवाहिनीत शिरले, तर पुढच्या त्वचेचा रक्तपुरवठा तुटतो; त्वचा पांढुरकी किंवा जाळीदार निळसर पडते, तीव्र दुखते, आणि एंझाइम तातडीने टोचले नाही तर ती मृत होऊ शकते. भुवयांमधली जागा व नाक यांतील रक्तवाहिन्या डोळ्याच्या रक्तवाहिन्यांशी जोडलेल्या असल्याने तिथली चूक सर्वांत घातक ठरते: जेल उलट्या दिशेने दृष्टिपटलाच्या रोहिणीपर्यंत पोचल्यास अंधत्व येते आणि एंझाइम देऊनही दृष्टी परत येईल याची खात्री नसते. म्हणूनच चेहऱ्याची शरीररचना जाणणाऱ्या आणि एंझाइम हाताशी ठेवणाऱ्या डॉक्टरकडेच हा उपचार करून घ्यावा. सुईविना, दाबाने जेल आत सोडणाऱ्या ‘पेन’ उपकरणांविरुद्ध अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२१ मध्ये जाहीर इशारा दिला.