माकडाचे काळीज (भारतीय व स्वाहिली लोककथा)

भारत आणि पूर्व आफ्रिकेचा किनारा या दोन्हीकडे सांगितली जाणारी प्राणिकथा. झाडावर राहणारे माकड आणि पाण्यातला त्याचा मित्र यांची मैत्री जमते. मित्र त्याला पाठीवर घेऊन निघतो आणि भर पाण्यात सांगतो, की तुझे काळीज हवे आहे. माकड शांतपणे म्हणते, आधी सांगायचे होतेस, काळीज तर झाडावरच राहिले! पाण्यातला मित्र मागे वळतो, माकड फांदीवर उडी घेते आणि सुटते.

पंचतंत्रातील ‘लब्धप्रणाश’ या चौथ्या तंत्राची (भागाची) ही चौकटीची कथा, म्हणजे जिच्या पोटात इतर कथा येतात अशी. माकडाचे नाव रक्तमुख, मगराचे करालमुख, आणि झाड जांभळाचे. रोज एवढी गोड जांभळे खाणाऱ्याचे काळीज किती गोड असेल, असे मगराच्या बायकोला वाटते. पाली सुंसुमार जातकातही हीच गोष्ट आहे. तिथे माकड औदुंबराकडे बोट दाखवते आणि सांगते, ती बघ आमची काळजे लटकताहेत. पिकलेल्या उंबरांचे लालसर घोस डोळ्यांपुढे आणले, की ही थाप मगराला का पटली ते कळते.

झांझिबारमध्ये ऐकलेल्या स्वाहिली कथा मिशनरी एडवर्ड स्टीअर यांनी 1870 मध्ये लंडनहून प्रसिद्ध केल्या. त्यांत ही कथा ‘धोब्याचे गाढव’ (पुंडा वा डोबी) या नावाने येते. मगराच्या जागी शार्क मासा आहे आणि फांदी समुद्रावर झुकलेली आहे. शार्कच्या गावचा सुलतान आजारी आहे आणि माकडाचे काळीज हेच त्याचे औषध. झाड ‘म्कुयू’चे, म्हणजे उंबराच्याच कुळातले.

निव्वळ साम्यावरून उसनवारी सिद्ध होत नाही. धूर्त प्राण्याने बलवानाला फसवणे जगभर आढळते. इथे खरा पुरावा कथेच्या पोटातल्या कथेत आहे. सुटलेले माकड शार्कला धोब्याच्या गाढवाची गोष्ट सांगते. सिंहाच्या तावडीतून एकदा निसटलेले गाढव गोड बोलण्याला भुलून पुन्हा येते आणि मरते. त्याला भुलवून आणणारा मध्यस्थ त्याचे कान आणि हृदय गुपचूप खाऊन टाकतो. सिंह विचारतो तेव्हा उत्तर मिळते, त्याला कान आणि हृदय असते तर ते दुसऱ्यांदा आले असते का? पंचतंत्रातही हीच उपकथा याच चौकटीत येते. गाढवाचे नाव लंबकर्ण, मालक धोबीच. दोन कथा अशा एकात एक बसून योगायोगाने जुळणे जवळजवळ अशक्य आहे. (हृदय म्हणजे इथे समजूत. मराठीत ‘काळीज’ म्हटले की धैर्य किंवा माया आधी आठवते, म्हणून आपल्याकडे सांगताना या उत्तराची धार थोडी बोथट होते.)

प्रवासाचा एक मार्ग ग्रंथांचा आहे. सहाव्या शतकात इराणच्या खुस्रो अनुशिर्वानच्या काळी पंचतंत्र पहलवी या जुन्या इराणी भाषेत गेले, आठव्या शतकात इब्न अल्-मुकफ्फाने ते अरबीत आणले. अरबीत मगराचे कासव झाले, पण गाढवाची उपकथा टिकली. दुसरा मार्ग गलबतांचा. ईशान्य मोसमी वाऱ्यावर कच्छ-गुजरातची गलबते आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागत आणि नैर्ऋत्य वारा सुरू झाला की परतत. मधले महिने खलाशी आणि व्यापारी बंदरात काढत. गोष्टींना एवढा वेळ पुरेसा होता. ‘डोबी’ हा स्वाहिली शब्द आपल्या ‘धोबी’वरूनच गेला आहे. कथा कोणत्या वाटेने आली हे त्या एका शब्दावरून ठरत नाही, पण तिच्या शीर्षकातच भारतीय शब्द असावा हे लक्षणीय आहे.

स्वाहिली सांगणाऱ्यांनी मात्र ती जशीच्या तशी ठेवली नाही. गाढवाला फसवणारा पंचतंत्रातला कोल्हा तिथे ‘सुंगुरा’, म्हणजे ससा होतो. पूर्व आफ्रिकेच्या लोककथांत चतुराईचा मान सशाचा, आणि बाहेरून आलेल्या गोष्टीतही तो त्यालाच मिळाला. शेवटही आटोपशीर आहे. पंचतंत्रातला रक्तमुख मगराला एकामागून एक गोष्टी ऐकवत राहतो. झांझिबारचे माकड एवढेच सांगते, की मला धोब्याचे गाढव करू पाहतोस काय, जा, आपली मैत्री संपली.